पाडायचं नाही, उतरवायचं

सुनेत्रा,

परवा तुझी शोकसभा झाली. तुझ्या कॉलेजच्या कॅफेटेरियात. टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, मागे सोडा मशीनची घरघर चालूच होती आणि ती बंद करायचं कुणालाही सुचलं नाही. जो उठला तो म्हणाला, सुनेत्रा किती शांत होती. ‘ग्रेस’ हा शब्द इतक्यांदा कानावर आला की ते कुणा दुसऱ्याच बाईचं नाव असावं असं वाटायला लागलं. मी तुझ्या लेकीशेजारी, ईराशेजारी, बसले होते आणि दातांवर दात दाबून धरले होते. उठून विचारावंसं वाटत होतं, तुम्ही नक्की कोणाबद्दल बोलताय?

घाईत उपटलेला खिळा फळी फाडून बाहेर आला की तुझा चेहरा कसा व्हायचा, ते या लोकांनी कधी पाहिलंच नाही का? त्यांनी पाहिलं होतं. त्यातल्या निम्म्यांना तू त्या फळीसाठी झापलंही होतंस. पण माणूस गेलं की त्याचे कोपरे रंधा मारून गोल करायची पद्धत आहे, इथेही आणि आपल्याकडेही. तुझे कोपरे गोल झालेले मला सहन होत नाहीत. म्हणून लिहायला बसले. तू कुठे जन्मलीस, काय शिकलीस, ते सगळं कॉलेजच्या वेबसाइटवर आहे, तुझ्या हसऱ्या फोटोखाली. तुझा कोर्स त्यांनीच बंद केला, एवढं मात्र त्यात नाही.

तू मला भेटलीस तीच भांडत. मास्टर्सच्या वेळी, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघी आधीच होतो, तू तिसरी आलीस नागपूरहून. पहिल्या रविवारी मी पोहे केले. गावात भारतीय दुकान नव्हतं. न्यू जर्सीला कुणी ड्राइव्ह करत गेलं की पोहे मागवायचे, आणि ते पुरवून पुरवून खायचे. तू ताटलीकडे बघून म्हणालीस, “यावर रस्सा नाही? कोरडे कसे गिळता तुम्ही पुण्याचे?” मी म्हटलं, आवडत नसेल तर खाऊ नकोस. तू दोनदा घेतलेस. खात खात नावं ठेवलीस. तेव्हापासून आपलं जे सुरू झालं ते तसंच राहिलं.

त्याच वर्षी माझे बाबा गेले. व्हिसाचं असं त्रांगडं होतं की मी भारतात गेले असते तर परत येता येईल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. मी गेले नाही. ज्याचा फोन यायचा तो म्हणायचा, धीर धर, शांत राहा, त्यांच्या आत्म्याला त्रास होईल. तू तसलं काही म्हणाली नाहीस. तू खिचडी टाकलीस, माझ्यासमोर बसलीस आणि व्हिसा ऑफिसला, विमान कंपन्यांना, झालंच तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना अस्सल नागपुरीत शिव्या घालायला लागलीस. मी रडता रडता हसले. तू म्हणालीस, “रडायचं तर रड, पण तोंडानं शिव्याही दे. नाहीतर ते आत सडून राहते.”

त्या एका वाक्यावर मी बाबांचं जाणं निभावून नेलं. त्याबद्दल तुला कधी थँक यू म्हटलं नाही. आपल्यात ते चाललंच नसतं.

मग आपण दोघी न्यू जर्सीत आलो, नोकरीला लागलो. दोघी स्ट्रक्चरल इंजिनियर. मी पूल तपासत होते, तू काँक्रीटचे पार्किंग गराज डिझाइन करत होतीस आणि त्यांचा कंटाळा करत होतीस. एका गराजसाठी जुन्या घरांची एक रांग पाडायची होती, ते बघायला तू साइटवर गेलीस. संध्याकाळी तू थेट माझ्याकडे पिस्कॅटवेला आलीस, हातात फुटक्या तुळईचा एक तुकडा, आणि तो तू आमच्या डायनिंग टेबलवर, माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, वरणभाताशेजारी ठेवलास.

“वास घे,” तू म्हणालीस.

मी घेतला. शंभर वर्षांचं पाइनचं लाकूड, आणि तुटल्याजागी राळेचा वास असा येत होता की झाड काल तोडलं असावं.

“असं लाकूड आता मिळत नाही, मनू. इतक्या हळू वाढलेली झाडंच उरली नाहीत. आणि एका मशीननं सकाळी सुरू करून दुपारच्या चहाच्या आत ते सगळं चुरून कचऱ्याच्या डम्पस्टरमध्ये टाकलं. पाडलं की सगळा कचरा. तेच उतरवलं असतं तर सगळं लाकूड.”

मिलिंद म्हणाला, “पण उतरवायला माणसं कुठून आणणार? ते काम येतं कोणाला?”

त्यानं ते सहज विचारलं होतं. तू पुढची सगळी वर्षं त्या प्रश्नाच्या मागे लागलीस.

तू नोकरी सोडलीस आणि ट्रेड स्कूलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून सुतारकामाचं सर्टिफिकेट घेतलंस. मराठी मंडळात त्यावर जी कुजबुज झाली ती मी ऐकली आहे. मास्टर्स करून सुतारकाम, हे लोकांना एखाद्या आजारासारखं वाटत होतं. तुझा नवरा विनय तेव्हा कॅलिफोर्नियात सांता क्लाराची नोकरी घेऊन निघून गेला होता, तू जाणार नाहीस हे सगळ्यांना कळलं होतं, ईरा प्री-स्कूलमध्ये होती. गणपतीच्या जेवणात एका काकांनी तुला विचारलं, “मग आता तुम्ही फर्निचर वगैरे करता का?” तू पुरी मोडत म्हणालीस, “नाही काका, मी घरं मोडते.” पंगतीत एकदम सगळे आपापल्या पानात बघायला लागले. तुझ्या डोळ्यात हसू होतं, पण ते फक्त मला दिसलं. बाकीच्यांनी घरी जाऊन वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

हेच काका परवा शोकसभेला आले होते. ‘आम्हाला तिचा फार अभिमान’ म्हणाले. मी चहा आणायला उठले.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात, जिथली गिरणी कधीच बंद पडली होती, तिथल्या कम्युनिटी कॉलेजनं तुला कोर्स सुरू करू दिला. जुनी इमारत सुटी कशी करायची, निघालेलं लाकूड तपासून पुन्हा कसं वापरायचं, आणि नवीन बांधायचं ते पुढे कधीतरी सुटं करता येईल असं कसं बांधायचं. कोण यायचं तुझ्याकडे? गोदामात खोकी उचलून पाठ गेलेल्या बायका, तुरुंगातून सुटून आलेले, गिरणीतून कमी केलेले. तू त्यांना सरसकट ‘माझे पोट्टे’ म्हणायचीस. त्यातला एक साठीचा होता. ते तुला मिस सू म्हणायचे. तू शिकवायचीस की घर बांधताना जे शेवटी लावलं ते उतरवताना आधी निघतं, म्हणून आधी घर वाचायचं, मग पहार हातात घ्यायची. काटकोन मापायच्या अवजाराला तो सगळा वर्ग ‘गुन्या’ म्हणायचा, कारण तू गुण्या म्हणायचीस आणि त्यांना वाटायचं तोच खरा शब्द आहे.

डॅरिल त्यातलाच. चाळिशी उलटलेला, छतांची कामं करणारा, एकदा वरून पडून वर्षभर घरी बसलेला. दोन मुली. बोलायला तुसडा. पहिल्या आठवड्यात तो तुला म्हणाला होता की हे म्हातारीचं काम आहे, मशीननं हे तासात होईल. तू म्हणालीस, “मशीननं तुझं कामही तासात होईल, तेव्हा तू काय करशील?” तो राहिला. वर्षअखेरीस तूच मला फोनवर सांगत होतीस की डॅरिल तुळईवर नुसता हात फिरवतो आणि खिळा कुठे लपलाय ते सांगतो. तुझ्या आवाजात ईराबद्दल बोलताना असायचा तसा अभिमान होता. मी तुला तसं म्हटलंही, आणि तू फोन ठेवलास.

आणि मग हॉल. तुझ्या पोरांनी बॅचमागून बॅच राबून बांधलेला वर्कशॉप हॉल. खांब आणि तुळया बंद गिरणीतून उतरवलेल्या, भिंती आणि छप्पर नव्या लाकडाच्या जाड पॅनलचे, एकावर एक उभे-आडवे थर चिकटवून केलेले. सगळे सांधे बोल्टचे. प्रत्येक सांध्याजवळ डागून आकडा लिहिलेला, म्हणजे उद्या हलवायची वेळ आली तर कुणीही पाना घेऊन यावं, क्रमानं उतरवावं आणि दुसरीकडे तसाच उभा करावा. जुन्या लाकडावर ग्रेडचा शिक्का नाही म्हणून इन्स्पेक्टर अडून बसला, तेव्हा मी शनिवार-रविवार तिकडे येऊन एकेक तुळई तुझ्याबरोबर तपासली, गणितं केली, सह्या केल्या. त्या शनिवारांवर मिलिंद कुरकुरायचा. माझ्या आयुष्यात मी जे काही काम केलं त्यातलं मनापासून केलेलं तेवढंच, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.

पूर्ण झाल्यावर आपण दोघी आत उभ्या होतो. वरच्या काचेतून ऊन पडलं होतं. मी म्हटलं, “सुंदर झालाय गं.” तू म्हणालीस, “त्या कोपऱ्यातलं पॅनल अर्धं सूत बाहेर आहे.”

कॉलेजनं त्या हॉलचा फोटो कुठे नाही छापला? ब्रोशरवर, बसवर, पर्यावरणाबद्दलच्या त्यांच्या प्रत्येक पानावर. पाहुणे आले की आधी तिकडे न्यायचे. मग कॉलेजला नव्या प्रेसिडेंट, म्हणजे प्रमुख, आल्या. छान बोलणाऱ्या, मऊ शालीतल्या. त्यांनी तुला बोलावून सांगितलं की कोर्सला विद्यार्थी कमी येतात, आणि हॉल ज्या जागेवर आहे ती कडेची जमीन एका गोदामवाल्या कंपनीला विकली आहे. त्या जमिनीवर आता एक भलंमोठं गोदाम होणार होतं, जिथे तुझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पाठी आणखी मोडणार होत्या.

तू कोर्ससाठी भांडलीस, हरलीस. मग तू एवढंच मागितलंस की हॉल आम्हाला उतरवू द्या. शेवटची बॅच उतरवेल, तोच त्यांचा प्रोजेक्ट होईल, सगळं लाकूड पलीकडच्या गावातल्या चर्चला हवंच आहे. तुझं सारं शिकवणं ज्यासाठी होतं ते प्रत्यक्ष करून दाखवायची संधी होती ती. उत्तर आलं, नाही. खरेदीदाराला जमीन लवकर मोकळी हवी आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते करणं विम्यात बसत नाही. त्याच विद्यार्थ्यांनी तो बांधला होता तेव्हा विम्यात बसत होतं.

त्यानंतर कॉलेजच्या वेबसाइटवर बातमी आली आणि त्यात तुझं वाक्य होतं. “हा शेवट नाही, एक नवी सुरुवात आहे.” मी ऑफिसमधून बाहेर येऊन तुला फोन केला.

“हे तू लिहिलंस?”

“लिहिलं त्यांनी. मी हो म्हटलं.”

“काहून?” मी मुद्दाम तुझ्या शब्दात विचारलं.

तू हसली नाहीस. “शेवटच्या बॅचचं अर्धं शिक्षण राहिलंय. मी तोंड बंद ठेवलं तर त्यांना पूर्ण करू देतील, सर्टिफिकेट देतील. नाहीतर उद्यापासून कुलूप.”

“हे ब्लॅकमेल आहे, सुनेत्रा. पेपरमध्ये जा. लोकांना सांग.”

“आणि बारा जणांना घरी पाठवू?”

“हॉल जाईल.”

“हॉल तसाही जाईल.”

“मग निदान ओरडून तरी जाऊ दे त्याला.”

तू म्हणालीस, “ओरडणं सोपं आहे गं, पिस्कॅटवेतून.”

मी फोन ठेवला. नंतर आपण बोललो, खूपदा बोललो, ईराच्या नोकरीबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल. त्या वाक्याबद्दल मात्र नाही. मला आजही वाटतं की तू ओरडायला हवं होतंस. त्या बारा जणांची सर्टिफिकेटं त्यांना कुठे घेऊन गेली, ते तुलाही ठाऊक होतं: उतरवण्याचं काम देणारं त्या गावात कुणी नव्हतंच. तिघं गोदामात लागले. डॅरिलला तर तुझ्याकडचं शिक्षण संपवून किती काळ झाला होता; तो एका पाडकाम कंपनीत मशीन चालवत होता, कारण महिन्याच्या महिन्याला पगार तेवढी एकच कंपनी देत होती. तू म्हणशील, मग काय पोरांना अर्धवट सोडायचं होतं? हे मला माहीत आहे. तू बरोबर असशीलही. पण बरोबर असणं आणि माझा राग जाणं या दोन गोष्टी आहेत, आणि आता तू नसताना मी हा वाद एकटी घालत बसते, दोन्ही बाजूंनी. तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा चांगली मांडते, हा त्यातला आणखी एक वैताग.

हॉल पाडला त्या दिवशी तू मला दुपारी फोन केलास. म्हणालीस, “झालं.” मी विचारलं, येऊ का? तू म्हणालीस, नको. मशीनवर डॅरिल होता हे तू सांगितलं नाहीस. ते ईराकडून कळलं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी तू भाजी घेऊन दुकानातून बाहेर आलीस आणि गाडीजवळ पडलीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तुझ्या बाबांचंही तेच होतं म्हणे. टेन्शननं गेली असं मंडळातल्या मावश्या म्हणतात. मला तसं म्हणायचं नाही. एका इमारतीनं माणूस मरत नाही. पण तू मरायच्या आधी त्यांनी तुला ते पाहायला लावलं, हे मी विसरायला तयार नाही.

तर, शोकसभा. प्रेसिडेंट शेवटी बोलायला उठल्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली. हॉल पाडायचा होता त्या सकाळी सुनेत्रा तिथे आली. मशीनवर तिचाच जुना विद्यार्थी आहे हे तिनं पाहिलं. ती त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, इट्स ओके, तू तुझं काम कर. “हीच तिची शिकवण होती,” प्रेसिडेंट म्हणाल्या, “की काहीही वाया जात नाही. रागसुद्धा आपण दुसऱ्या कशात तरी बदलू शकतो.” लोकांनी डोळे पुसले. ईराही रडली. मागे भिंतीजवळ डॅरिल उभा होता, इस्त्री केलेल्या शर्टात. लोक वळून वळून त्याच्याकडे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर एक बाई जाऊन त्याच्या गळ्यात पडली.

नागपूरहून तुझ्या आई, काकू, फोनवर बघत होत्या. त्यांना इंग्रजी नीट कळत नाही. मी फोन हातात घेतल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणून राहिले गं ते सगळे?”

मी म्हटलं, “सुनेत्राला सगळे फार चांगलं म्हणताहेत, काकू.”

“एवढं चांगलं म्हणून राहिले,” त्या म्हणाल्या, “तर मग तिचा कोर्स काहून बंद केला?”

मी म्हटलं, नेटवर्क जातंय, नंतर करते.

मी बाहेर पार्किंगमध्ये आले. डॅरिल त्याच्या ट्रकला टेकून उभा होता. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, माझी गाडी पलीकडे होती म्हणून त्याच्यासमोरून जावं लागलं. तो म्हणाला, “तुम्ही मिस सूच्या मैत्रीण ना? इंजिनियर?”

मी हो म्हटलं आणि चालत राहिले.

“तिनं कॉफी आणलीच नव्हती,” तो म्हणाला.

मी थांबले.

“काही कॉफी-बिफी नव्हती. ती आली आणि मशीनच्या समोर उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. म्हणाली, खाली उतर. मी उतरलो. म्हणाली, पाना आण आणि एक सांधा माझ्यासमोर उघडून दाखव, विसरलास की येतो अजून? मी म्हटलं, मिस सू, मला नाही करता येणार, फोरमन बघतोय. फोरमन आला, म्हणाला पोलीस बोलावतो. तर ती त्याला असं काहीतरी बोलली, तुमच्या भाषेत. मला शब्द कळले नाहीत, पण तो मागे सरकला.”

“मग?”

“मग मला म्हणाली, हे नीट कसं करायचं ते मी तुला शिकवलं, आणि तू माझ्यासमोर वाईट करणार आहेस. मी म्हटलं, मला मुली आहेत. म्हणाली, माहीत आहे, त्यांची नावंही माहीत आहेत. तरी मी तुला माफ करत नाही. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर केलं असतं.” तो ट्रकच्या दाराकडे बघत बोलत होता. “मग ती कुंपणापलीकडे गेली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. तुळया मोडताना आवाज होतो ना, तो प्रत्येक वेळी झाला की मी तिकडे बघायचो. ती हलली नाही. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.”

“हे त्या बाईंना कॉफीचं कुणी सांगितलं?”

“मला काय माहीत. फोरमननं असेल, पोलिसांची गोष्ट झाकायला. कुणी मला विचारलंच नाही.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “आत लोक मला मिठ्या मारतायत. मला माफ केलं म्हणून. मला तिनं माफ केलेलं नाही. मी त्या मिठ्या घेऊन घरी कसा जाऊ?”

मी त्याला धीर दिला नाही, सुनेत्रा. मला तो देता आला असता. पगार, मुली, सगळं मला समजत होतं. पण तू जे नाकारलंस ते तुझ्या वतीनं वाटून टाकायचा हक्क मला कुणी दिला? मी फक्त म्हटलं, “हे ईराला सांग.” तो आत गेला. मी काचेतून पाहत होते. तो तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहून बोलला, आणि ती ऐकत राहिली, आणि मग अचानक तोंडावर हात दाबून हसायला लागली, रडत रडत. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “मावशी, दॅट्स मॉम. थँक गॉड. मला वाटत होतं मी तिला ओळखतच नव्हते.”

मी गाडीत बसून बराच वेळ रडले. आनंदानं म्हटलं तर कुणाला पटायचं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की तू त्या छापील वाक्यासारखीच गेलीस, सगळं गिळून, नवी सुरुवात वगैरे. तू ओरडली होतीस. मला सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर मी जिंकले असते. हे तुझ्याच स्वभावाला धरून. पण तू मशीनसमोर उभी राहिली होतीस, आणि तुझ्या नागपुरीनं एक अमेरिकन फोरमन मागे सरकला होता. मला तिथे असायला हवं होतं. तुला थांबवायला नाही, तुझ्याबरोबर उभं राहायला.

या आठवड्यात मी तुझ्याच घरी आहे. ईरा आणि मी तुझी अवजारं आवरतोय. पटाशा, करवती, ज्याला जे हवं ते तुझे पोट्टे येऊन नेतात. डॅरिल आला नाही, आणि आम्ही बोलावलं नाही. काल दुपारी प्रेसिडेंटचा फोन आला. ईरानं तो स्पीकरवर टाकला. कॉलेजला तुझ्या स्मरणार्थ एक बाक ठेवायचा आहे, नव्या गोदामाच्या बाजूच्या फाटकाशी. त्यावर तुझं नाव आणि खाली ‘ग्रेस’बद्दल एक ओळ.

ईरानं विचारलं, बाक कसला आहे?

रिसायकल्ड प्लॅस्टिकचा, त्या म्हणाल्या. फार सस्टेनेबल आहे, वर्षानुवर्षं टिकतो.

मी पान्यांचा डबा खाली ठेवला. ईरा शांतपणे म्हणाली की नाही, तिचं नाव त्यावर घालायचं नाही. त्यावरही नाही आणि दुसऱ्या कशावरही नाही, आणि वेबसाइटवरचं ते ‘नवी सुरुवात’चं वाक्य आजच्या आज काढा, ते तिनं लिहिलेलं नव्हतं.

मग प्रेसिडेंट हळुवारपणे म्हणाल्या की तुझं दुःख मी समजू शकते, पण तुझी आई असती तर असं बोलली नसती.

“नो,” ईरा म्हणाली. “माय मॉम वुड हॅव सेड इट वर्स.”

आणि तिनं फोन ठेवला.